सगळं बरं चालून राहिलं, तरी सकाळी उठावंसं वाटत नाही. कोणाला असं झालंय का?

दुसरा_माळा

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार, आधीच सांगून ठेवतो.

वय 44, नागपूर. हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे, याच खुर्चीवर सोळा वर्षं झाली. घराचं लोन मार्चमध्ये फिटलं. बायको शाळेत शिकवते, पोरगी दहावीत, अभ्यासात बरी. आईची शुगर कंट्रोलमध्ये. म्हणजे तक्रार करायला जागाच नाही आणि तीच माझी तक्रार आहे, हसू नका.

माझा दिवस सांगतो. सकाळी अंबाझरीला एक चक्कर, रविवारी तर्री पोहे, मग ऑफिस. तिथं 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी, ही जीएसटीची रिटर्नं मी आता झोपेत पण भरू शकतो. संध्याकाळी घरी, जेवण, मग मोबाईल. मोबाईलवर काय पाहिलं ते दुसऱ्या दिवशी विचाराल तर एक गोष्ट सांगता येणार नाही. लोन फिटलं त्या दिवशी बँकेतून कागद घेतले, बर्डीवरून संत्रा बर्फी घेतली, घरी सगळ्यांनी खाल्ली, आणि रात्री पाठ टेकली तर डोक्यात एकच, आता काय? पंधरा वर्षं या दिवसाची वाट पाहिली आणि तो दिवस दोन बर्फ्यांत संपला.

आता खरी गोष्ट, जी मी घरी पण नीट सांगितली नाही. 23 सप्टेंबर 2023 चा पूर आठवत असेल सगळ्यांना. शनिवार, गणपती बसलेले, रात्री दोन-तीननंतर जो पाऊस सुटला तो काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला आणि आमच्या डागा लेआउटकडे पाणी घुसलं. आम्ही दुसऱ्या माळ्यावर म्हणून वाचलो. खालच्या माळ्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांनी अंधारात माझ्या नावानं हाका मारल्या. मी लुंगीवर खाली उतरलो, कमरेएवढं पाणी, दार उघडेना, खिडकीची जाळी तोडली. त्यांना वर आणलं, मग बाजूच्या बिल्डिंगमधलं एक पोट्टं आणलं, मग कोणाचा कुत्रा. दुपारपर्यंत चहा नाही, मोबाईल कुठं आहे पत्ता नाही. पुढचे चार दिवस चिखल काढला, लोकांच्या गाद्या फेकल्या, विम्याचे कागद भरून दिले, ते मला जमतं.

लाज वाटते सांगताना पण त्या चार दिवसांत मी जितका जागा होतो तितका आयुष्यात कधी नव्हतो. लोकांचं वाटोळं होऊन राहिलं होतं आणि मला रात्री ढाराढूर झोप लागत होती. पाचव्या दिवशी ऑफिसला गेलो, एसीत बसलो, आणि परत तसंच सगळं. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न असा, माणूस जागा व्हायला पूरच यायला पाहिजे का? मोटिव्हेशनचे व्हिडिओ पाठवू नका, ते मी सगळे पाहिलेत, पलंगावर पडून.

---

शून्य_मैल

भाऊ तुला काही झालेलं नाही, तुझं फक्त लोन संपलं आहे. माझं घे, अठरा वर्षं राहिली आहेत, आयुष्याला एकदम ध्येय येईल बघ.

सिरियसली सांगतो, निवांत राहण्यात वाईट काय आहे बे? आपल्या आजोबांनी, बापानं हाडं झिजवली ती पुढच्यानं निवांत बसावं म्हणूनच ना. आता बसायला मिळालं तर याला ते पण टोचून राहिलं.

---

दुसरा_माळा

@शून्य_मैल निवांत असतो तर पोस्ट कशाला टाकली असती. निवांत माणूस झाडाखाली बसतो तेव्हा झाडाकडे तरी पाहतो. मी बसतो तेव्हा कुठंच नसतो. बायको म्हणते तुम्ही 'हो' म्हणता पण ऐकत नाही.

---

पुढची_पूर्व

दादा रागावू नका, पण तुमची पोस्ट वाचून आधी माझं डोकं फिरलं. मी 28 वर्षांचा, मानेवाड्याला रूम करून राहतो, राज्यसेवेचे चार अटेम्प्ट झाले, दोनदा मेन्सपर्यंत गेलो. वाटलं, सगळं मिळालं आणि हे रडून राहिले.

मग चहा प्यायला खाली गेलो तर माझंच मला दिसलं. मी सकाळी सातला लायब्ररीत जातो, रात्री दहाला येतो. सगळ्यांना वाटते पोरगं घासून राहिलं. खरं सांगू? अकरापर्यंत पेपर, मग टेलिग्रामवर नोट्स डाउनलोड, मग टपरीवर कटऑफ किती लागेल याची चर्चा, ती चर्चा दीड तास, मग जेवण, मग डुलकी. वाचलेलंच परत वाचतो कारण ते येतं, ते वाचताना बरं वाटतं. सीसॅटचे, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या गणित-आकलनाच्या पेपरचे, जे प्रश्न चुकतात ते मी गेली दोन वर्षं टाळून राहिलो आहे. टेस्ट सिरीज लावली नाही कारण मार्क दिसतील. म्हणजे मी नागपुरातला सगळ्यात बिझी रिकामटेकडा आहे. तयारी करणं हीच माझी नोकरी झाली, आणि गावाकडून पैसे येतात तो पगार.

सुस्तावायला पगार, फ्लॅट लागतोच असं नाही एवढंच सांगायचं होतं.

---

संत्रावाला_काटोल

रामराम. मी इथी जास्त लिवत नाही, वाचत राह्यतो. पण ह्या भाऊची पोस्ट वाचली अन् मले बागच आठवली.

काटोल तालुक्यात आमची साडेचार एकर संत्रा हाये, जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली नागपुरी. आता संत्र्याचं एक सांगतो, शहरातल्या माणसाले मालूम नसते. झाडाले बारा महिने पाणी अन् खत देत राह्यलं ना, तर झाड असं हिरवंगार होते का पाहणारा म्हणते काय बाग हाये बाप्पा! पालवीवर पालवी. पण फूल नाही. नुसता पाला. त्याले फुलावर आणाचं असन तर पाणी तोडा लागते, यालेच आमी ताण देनं म्हणतो. आंब्या बहार, म्हंजे हिवाळा सरतानीचं फूल, घ्याचा असन तर डिसेंबरात पाणी बंद, अन् जानेवारीच्या मधात सोडाचं. मृग बहार असन तर उन्हाळ्यात ताण अन् जूनच्या पाण्यावर फूल. झाडाले वाटते आता आपलं काही खरं नाही, तवा कुठी ते फळाचा इचार करते. असं माहा बाप सांगे, शास्त्र काय म्हणते ते शास्त्रवाल्याले इचारा.

आता मुद्द्याचं. हलक्या जमिनीत महिनाभरात ताण बसते. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने लागते, अन् काही काही जागी तर बसतच नाही, कारण खालून ओल सुटत नाही. वरून पाणी बंद केलं तरी मुळाले खालून भेटतेच. मंग लोक औषध फवारते.

भाऊ, तुमची जमीन भारी हाये. तुमचा पगार, वहिनीचा पगार, घर सोताचं, खाली सगळी ओल. अन् त्यातलं लोन होतं थोडंसं ताणाचं, ते बी फिटलं. पूर आला तवा चार दिवस पाणी तुटलं (पूर अन् पाणी तुटलं म्हंतो, पण समजून घ्या) अन् तुमाले फूल आलं.

पण एक ध्यानात ठेवा, ताण म्हंजे झाड मारनं नाही. दोन वर्षांआंदी आमच्या धुऱ्याच्या शेजाऱ्यानं जास्त फूल येईन म्हणून ताण लांबवला, पान पान झडलं, फांद्या वाळल्या, अजून सल (वाळल्या फांद्या) काढून राह्यला तो. अन् ताण तोडतानी बी पहिलं पाणी हलकंच देतात, एकदम पाट भरून सोडत नाही. म्हणून उद्या उठून नोकरी-बिकरी सोडू नका म्हंजे झालं. एका कोण्या बाजूचं पाणी तोडा. कोण्या, ते तुमाले मालूम हाये, तुमीच लिवलं, पलंगावर पडून.

---

सोडून_पाहिलं

काटोलवाले काका, शेवटचा मुद्दा फ्रेम करून लावायला पाहिजे.

मी सोडली होती. 2021 मध्ये, मिहानमधली चांगली नोकरी, असंच आता काय आता काय करत. धरमपेठेत कॅफे टाकला, भिंतीवर कोट लिहिले, गिटार टांगली. चौदा महिन्यांत बंद. कॅफे चालला नाही याचं एवढं दुःख नाही, पण कळलं काय, तर मला कॅफे चालवायचाच नव्हता, मला नोकरी सोडलेला माणूस व्हायचं होतं. दूधवाल्याशी भांडणं, पोरं कामावर न येणं, मिक्सर जळणं, यातलं मला काहीच आवडत नव्हतं, आणि कॅफे म्हणजे तर तेवढंच असतं.

एखादं काम आपलं आहे का हे पाहायचं असेल तर त्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग करून पाहा. तो सहन झाला तर पुढं जा. आता परत नोकरीत आहे, कमी पगारावर. सुखी आहे का माहीत नाही, झोप लागते.

---

विदर्भ_एक्सप्रेस

एकदा आनंदवनात जाऊन या दादा, नागपूरहून शंभरेक किलोमीटर, सकाळी निघालं की दहापर्यंत वरोरा. बाबा आमटेंकडे काय कमी होतं? जमीनदाराच्या घरात जन्म, वकिली, शिकारीचा शौक. सगळं सोडून 1949 मध्ये कुष्ठरुग्णांसाठी संस्था काढली. माणसानं ठरवलं तर काय होत नाही.

---

पुढची_पूर्व

@विदर्भ_एक्सप्रेस आदर आहे पण खरं बोलू का, ही नावं आली की मी हात जोडतो आणि मोकळा होतो. ते महान, आपण कुठं, चला चहा घेऊ. निबंधात मी तीनदा लिहिले बाबा आमटे, तेवढाच त्यांचा माझा संबंध.

---

महालातल्या_बाई

पुढची_पूर्व, तुझं खरं आहे रे, पण त्या गोष्टीतला एक तुकडा लोक गाळतात, म्हणून ती हात जोडण्याची होते. वरोऱ्याला पावसात रस्त्याच्या कडेला पडलेला तो कुष्ठरोगी माणूस, तुळशीराम, पहिल्यांदा दिसला तेव्हा बाबा घाबरून पळून गेले होते. पळून! मग ते पळणं त्यांना झोपू देईना, म्हणून परत आले. हे त्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. म्हणजे ध्येय ठरवून गेले नाहीत, ज्याची भीती वाटली त्याच्याकडे परत गेले. तुझी ती सीसॅटची पुस्तकं कुठं ठेवली आहेस?

आता दुसरा माळा, तुझ्याशी बोलते. अरे-तुरे करते, राग मानू नकोस, चौतीस वर्षं शाळेत घालवली, तुझ्या वयाचे माझे विद्यार्थी आहेत. तू तुझ्या पोस्टमध्येच उत्तर लिहिलं आहेस आणि तुला दिसत नाही. "आजींनी अंधारात माझ्या नावानं हाका मारल्या." पूर वगैरे बाजूला ठेव. तुझ्या नावानं हाक आली म्हणून तू उतरलास. ऑफिसमध्ये कोण हाक मारतं तुला? तू आजारी पडलास तर 20 तारखेचं ते रिटर्न दुसरं कोणी भरेलच. घरी पोरगी आता मोठी झाली, बायको कमावती, आईला गोळ्या स्वतःच्या हातानं घेता येतात. सगळे तुझ्यावाचून चालवू शकतात, हे सुखच आहे, पण माणूस तिथंच मऊ पडतो.

मी निवृत्त झाले तेव्हा पहिले आठ महिने असेच गेले. खिडकीतून बडकस चौकाकडचा ट्रॅफिक पाहायचा आणि सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. तान्ह्या पोळ्याला आमच्या दारावरून मारबत, म्हणजे वाईटाचा मोठा पुतळा, मिरवत जाते, पोरं ओरडत असतात, महागाई घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत, आणि मी गॅलरीत उभी, मनात म्हटलं, बाई, तुलाच घेऊन जायला पाहिजे. मग खालच्या दुकानदाराच्या मुलीला वाचायला शिकवायला घेतलं, चौथीत होती आणि जोडाक्षर येत नव्हतं. एकच मुलगी. समाजकार्य नाही, एक मुलगी. पण ती चार वाजता जिन्यात यायची आणि मी दुपारी झोपलेली असले तर दार वाजवत राहायची, वाजवतच राहायची, भारी चिवट. ती आता नववीत आहे. मला अजूनही दुपारी झोपायची चोरी.

---

शून्य_मैल

बाई तुम्ही आमच्या शाळेत असता तर मी सुधारलो असतो.

---

महालातल्या_बाई

असले तरी सुधारला नसतास, तुझ्यासारखे प्रत्येक वर्गात दोन होते. दोघंही आता बरे आहेत.

---

उत्तर_नागपूर

जय भीम सगळ्यांना. बाईंच्या पुढचं लिहितो.

आमच्याकडे लहानपणापासून एक शब्द कानावर, पे बॅक टू सोसायटी. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, रात्रपाळी करून यायचे आणि दोन तास झोपून विहारात पोरांना इंग्रजी शिकवायला जायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण मॅट्रिक. आई चिडायची, मिल काय कमी आहे का म्हणून. मला तेव्हा कळायचं नाही की थकलेला माणूस दुसऱ्या कामाला जाऊन फ्रेश कसा होऊन येतो.

मी स्वतः सरकारी नोकरीत लागलो आणि पहिली सात-आठ वर्षं काहीच केलं नाही. 14 ऑक्टोबरला आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, फोटो टाकायचे, 14 एप्रिलला रात्री बाराला संविधान चौकात, झालं आमचं. मग एकदा बाबासाहेबांचं आग्र्याचं, मार्च 1956 चं भाषण वाचण्यात आलं. शिकलेले लोक समाजासाठी उभे राहतील वाटलं होतं पण ते आपलं पोट भरण्यात रमले, अशी खंत आहे त्यात. माझी खुर्ची, माझा पंखा, माझा डबा, सगळं डोळ्यापुढं आलं. त्या रात्री नीट जेवलो नाही.

आमच्या विहारात आता अभ्यासिका आहे. सातवी ते दहावीची पस्तीस-चाळीस पोरं येतात, बहुतेकांच्या घरी अभ्यासाला जागाच नाही. आता कामाचं सांगतो. लोक येतात शिकवायला, खूप येतात, जयंतीच्या आसपास तर लाईन लागते. सगळे विचारतात मी काय काय करू शकतो, प्रोजेक्टर देऊ का, लोगो बनवू का. दुसऱ्या आठवड्यात अर्धे, तिसऱ्यात दोन. मी आता नव्या माणसाला प्रेरणा-बिरणा विचारत नाही, वार आणि टाइम विचारतो. कारण एकदा वार ठरला की पोरं साडेसातला खिडकीत उभी राहतात, सर आले का सर आले का. मूड असो नसो, पाऊस असो, लग्न असो, ती खिडकी डोक्यात राहते. बाईंच्या जिन्यातल्या पोरीसारखंच. काटोलवाले भाऊ ज्याला ताण म्हणतात तो मला हाच वाटतो.

दुसरा_माळा, तुम्ही अकाउंट्सवाले ना? आमच्याकडे गणिताला माणूस नाही, आधीचे सर बदलीवर गेले. मंगळवार-शुक्रवार, साडेसात ते नऊ. डीएम करा, पत्ता पाठवतो. तुमच्याकडून लांब पडेल, मला माहीत आहे, म्हणूनच आधी सांगून राहिलो.

---

विदर्भ_एक्सप्रेस

ओके मान्य, मी पण नुसतंच नाव टाकलं. जवळचं उदाहरण देतो मग. विजय बारसे सर, इथले हिस्लॉप कॉलेजचे खेळाचे शिक्षक. 2001 मध्ये पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळून राहिली होती, ते पाहून थांबले. सगळं नागपूर त्या रस्त्यावरून जात होतं, पोरं सगळ्यांनी पाहिली असतील. यांनी फुटबॉल दिला, मॅचेस भरवल्या, त्याचं पुढं स्लम सॉकर ही संस्था झाली. त्यांच्यावर पिक्चर वगैरे फार नंतर आला.

आणि पुढची_पूर्व, गडचिरोलीला डॉ. अभय बंगांकडे तरुणांसाठी 'निर्माण'ची शिबिरं होतात, 2006 पासून. परीक्षा सोड म्हणत नाही, फक्त माहिती काढ.

---

गोळी_नको_पण

मी डॉक्टर आहे, मूड खराब करत नाही, एकच सांगतो. सुस्ती वेगळी आणि डिप्रेशन वेगळं, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आवडायच्या त्या गोष्टी पण आवडेनाशा झाल्या, झोप-भूक बिघडली, आपण कामाचे नाही असं रोज वाटतं, जगून काय करायचं असं मनात येतं, आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर ध्येय-बिय शोधत बसू नका, आधी दाखवा. घराबाहेर जायची लाज वाटत असेल तर टेलिमानस, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अशा माणसाला उठ, काहीतरी कर म्हणणं म्हणजे मोडलेल्या पायाला पळ म्हणणं.

दुसरा_माळा, संत्रा बर्फीची चव लागली होती का त्या दिवशी?

---

दुसरा_माळा

@गोळी_नको_पण लागली होती डॉक्टर, तीन खाल्ल्या, वर दोन लिहिलं ते बायको वाचते म्हणून. झोप-भूक ठीक आहे. पण विचारलंत ते बरं केलं, माझ्याच ऑफिसात एक जण आहे, त्याला नंबर देतो.

बाई, तुमचं उत्तर वाचून गॅलरीत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. खालच्या आजी अजून आहेत, पुरानंतर सहा महिने रोज भेटायचो, मग आठवड्यानं, आता पोळ्यापासून गेलोच नव्हतो. एकाच बिल्डिंगमध्ये. काल गेलो. त्यांचं लाईट बिल ऑनलाइन भरायचं राहिलं होतं, दोन महिन्यांपासून कोणाला सांगावं म्हणून बसल्या होत्या.

@उत्तर_नागपूर डीएम केला आहे. पण खरं सांगतो, मी कधी कोणाला शिकवलेलं नाही, पोरीला पण नाही, ती म्हणते बाबा तुम्ही लगेच चिडता.

---

उत्तर_नागपूर

चिडा की. आमचे पोट्टे त्याहून जास्त चिडवतात, हिशोब बरोबर होतो.

---

सोडून_पाहिलं

भाऊ एक अनुभवाचं सांगतो, जाण्याआधी कोणाला सांगू नको, स्टेटस टाकू नको. मी कॅफे उघडण्याआधीच सगळी शाबासकी खाऊन घेतली होती, मग काम करायला पोटात भूकच राहिली नाही.

---

दुसरा_माळा

पाच आठवडे झाले, कोणी विचारलं नाही तरी लिहितो.

पहिल्या मंगळवारी गेलो तर फाटलीच. एकतीस पोरं. मी टक्केवारी घेतली, पुस्तकातलं उदाहरण, आंबे आणि दुकानदार, पंधरा मिनिटांत निम्मी पोरं खिडकीबाहेर पाहून राहिली होती. घरी येताना कामठी रोडनं स्कूटरवर ठरवलंच होतं की आता मेसेज टाकतो, आईची तब्येत म्हणून. टाईप पण केला होता. मग म्हटलं शुक्रवारी सांगू.

शुक्रवारी खिशात हॉटेलचं एक बिल होतं, तेच फळ्यावर लिहिलं. दोन चहा, एक आलूबोंडा, त्यावर सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के. एक पोरगी म्हणे सर आमच्या टपरीवर तर असं काही लावत नाही. मग टपरीला का लागत नाही, हॉटेलला का लागतं, दीड तास गेला, एक पोट्टा तर विचारतो कंपनी टॅक्सची चोरी कशी पकडू देत नाही, त्याला म्हटलं तुझ्यासाठी वेगळा क्लास.

तिसऱ्या आठवड्यात 20 तारीख नेमकी क्लासच्या दिवशी आली, पोर्टल लटकलेलं, ऑफिसमधून निघायला आठ वाजले, गेलोच नाही, कळवलं पण नाही. पुढच्या वेळेला पोहोचलो तर कोणी काही बोललं नाही, ती टपरीवाली पोरगी फक्त म्हणाली, सर आम्ही पावणेनऊपर्यंत होतो. आता मी 20 चं काम 18 लाच उरकतो, सोळा वर्षांत पहिल्यांदा. साहेब विचारून राहिले होते, तब्येत ठीक आहे ना म्हणून.

सकाळचं म्हणाल तर अजून तसंच आहे, अलार्म तीनदा बंद करतो. मोबाईल रात्री साडेनऊनंतर बायकोच्या कपाटात जातो, चावी तिच्याकडे, काटोलवाल्या काकांचं ऐकून. पहिल्या चार रात्री फार वाईट गेल्या. माणूस पंख्याकडे किती वेळ पाहू शकतो. पाचव्या रात्री पोरीनं स्वतःहून वही आणली. चिडलो मी तिच्यावर, पण कमी.

---

संत्रावाला_काटोल

पहिलं पाणी हलकंच राहू द्या. अन् आंब्या बहाराचा संत्रा निघाला का एक पेटी पाठवतो विहारात, पत्ता टाका.

---

पुढची_पूर्व

मी टेस्ट सिरीज लावली. पहिल्या टेस्टचे मार्क विचारू नका.

---

महालातल्या_बाई

विचारणारच. दर रविवारी इथं लिहायचे.

---

उत्तर_नागपूर

@दुसरा_माळा सर, मंगळवारी येताना एक डस्टर घेऊन या, आपलं पोट्ट्यांनी क्रिकेटमध्ये उडवलं, नाल्यात गेलं.

---

दुसरा_माळा

दोन आणतो.